रिकीब

घोडेस्वाराला घोड्यावर चढताना आधार मिळावा व स्वार झाल्यावर त्याचे पाय टेकलेले राहावेत, यासाठी खोगिराच्या दोन्ही बाजूंना वादीने टांगलेले कडे. रिकीब लोखंड, पोलाद, पितळ, लाकूड वा चामडे यांची करतात. तिचे साधारणतः तीन भाग असतात : ज्यावर पाऊल टेकते ती तळपट्टी, तिच्या दोन्ही टोकांपासून वर जाऊन एकत्र मिळणारी कमान आणि कमानीच्या माथ्याशी असलेले वादी ओवण्याचे छिद्र. मराठीतील ‘रिकीब’ हा शब्द ‘रिकाब’ या मूळ अरबी शब्दावरून फार्सीमार्फत आला असून अरबीतील ज्या धातूपासून तो साधला आहे, त्याचा अर्थ ‘स्वार होणे’ असा आहे. इतर भाषांतील नावे मात्र स्वार होण्यापेक्षा चढण्याच्या क्रियेकडे बोट दाखवितात. इंग्रजी ‘स्टिरप’ या शब्दाचे जुने रूप ‘चढण्याची दोरी’ या अर्थाचे आहे. बायझंटिन ग्रीकांनी तिला ‘स्काला’ म्हणजे जिना वा पायरी म्हटले. चिनी लिपीतील तिच्या चिन्हात ‘धातू’ व ‘चढणे’ या अर्थांचे दोन घटक एकत्र आले आहेत. या नावांतूनच रिकिबीचा मूळ उपयोग कोणता, याची कल्पना येते.

रिकीब ही वस्तू इतकी साधी आहे, की घोडा माणसाळला त्या वेळीच ती सुचली असावी, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. आजच्या सर्व पाळीव घोड्यांचा वंश इ. स. पू. सु. २२०० ते २००० या काळात काळ्या समुद्राच्या व कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून पसरला, असे प्राचीन जनुकद्रव्याच्या अभ्यासावरून २०२१ मध्ये दाखविण्यात आले. इ. स. पू. नवव्या शतकातील ॲसिरियन उत्थित शिल्पांत घोडेस्वार जोडीने दिसतात. त्यांपैकी एक बाण मारतो, तर दुसरा दोन्ही घोड्यांचे लगाम धरतो. त्यानंतरच्या हजार वर्षांत घोडदळाच्या जोरावर मोठमोठी राज्ये उभी राहिली आणि कोसळली. अलेक्झांडरचे निवडक घोडदळ, हॅनिबलचे न्यूमिडियन स्वार, पळता पळता मागे वळून बाण मारणारे पार्थियन, तसेच इ. स. पू. ५३ मध्ये कॅरीच्या लढाईत रोमनांचा धुव्वा उडविणारे चिलखती भालाईत यांच्यापैकी कोणापाशीही रिकीब नव्हती. पक्की रिकीब प्रचारात येईपर्यंत मनुष्य हजार वर्षांहून अधिक काळ तिच्यावाचून घोड्यावरून लढत होता. तिच्या इतिहासाचा विचार करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. कारण रिकिबीच्या महत्त्वाविषयी झालेल्या बऱ्याच अतिशयोक्तीचे मूळ ती विसरण्यात आहे.

रिकीब नसताना स्वाराला काय सोसावे लागे, याच्या काही नोंदी प्राचीन ग्रंथांत सापडतात. झेनोफन या ग्रीक लेखकाने इ. स. पू. चौथ्या शतकातील आपल्या अश्वारोहणविषयक ग्रंथात घोड्यावर चढण्याच्या रीतीचे तपशीलवार वर्णन केले आहे. आयाळ धरून वा भाल्याचा आधार घेऊन उडी कशी मारावी, हे तो सांगतो. इराणचा सम्राट कंबायसिस घोड्यावर उडी घेत असता म्यानाचे टोक गळून पडले व उघडी तलवार त्याच्या मांडीत घुसली; त्याच जखमेने तो पुढे मरण पावला, असे हीरॉडोटसने लिहून ठेवले आहे. रोममध्ये गायस ग्रॅकसने रस्त्यांच्या कडेने ठरावीक अंतरावर दगड बसविले. चढवून देणारा सेवक जवळ नसला, तरी प्रवाशाला घोड्यावर चढता यावे, हा त्यामागील हेतू होता. सिथियन लोकांचे पाय घोड्यावर सदैव लोंबकळत राहिल्याने त्यांच्या सांध्यांना सूज येते, असे निरीक्षण हिपॉक्राटीझच्या नावावर असलेल्या हवा-पाण्याविषयीच्या ग्रंथात आहे. चढण्याचा त्रास व लोंबत्या पायांचा शीण या दोन्ही अडचणी याप्रमाणे लोकांना पुरेशा ठाऊक होत्या. तरीही त्यांवरील उपाय निघण्यास शतके लागली.

या विलंबाचे मुख्य कारण खोगिराच्या रचनेत असावे. आल्ताय पर्वतातील पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यांत इ. स. पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकांतील खोगिरे जशीच्या तशी सापडली आहेत. ती म्हणजे घोड्याच्या कण्याच्या दोन बाजूंना येणाऱ्या, भरीव गाद्यांच्या जोड्या होत. असल्या मऊ खोगिराला रिकिबी टांगल्या आणि स्वार त्यांवर भार देऊन उभा राहिला, तर वादीची सारी ओढ पाठीच्या एका चिंचोळ्या पट्टीवर पडते व घोड्याची पाठ सोलवटते. हा भार दोन्ही बरगड्यांवर सारखा वाटला जावा आणि कणा मोकळा राहावा, यासाठी खोगिराला आतून लाकडी सांगाडा असावा लागतो. तेव्हा पक्क्या रिकिबीची कथा ही खरे पाहता लाकडी सांगाड्याच्या खोगिराची कथा आहे. रोमनांचे चार शिंगांचे खोगीर ही या दिशेची एक पायरी होती. प्रत्यक्ष तसे खोगीर बनवून अलीकडे जे प्रयोग करण्यात आले, त्यांवरून त्याची चार शिंगे स्वाराची मांड चांगली पक्की धरून ठेवीत असत, असे दिसून आले. रोमनांना रिकिबीची उणीव फारशी का भासली नाही, याचा उलगडा यावरून होतो.

भारतातील अंगठ्याची रिकीब : पायाला आधार देणाऱ्या साधनाचे आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने पुरावे भारतीय शिल्पांत मिळतात. सांची, मथुरा, पथौरा व पुणे जिल्ह्यातील भाजे येथील इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील शिल्पांत काही स्वारांच्या पायांशी दोरीचा वा पट्ट्याचा फास दाखविलेला आहे. भाजे येथील विहाराच्या ओवरीत रथारूढ सूर्याचे म्हणून ओळखले जाणारे प्रसिद्ध उत्थित शिल्प आहे. त्याच्या सोबतीस असलेल्या अश्वारूढ स्त्रियांच्या पायांतील अशा आधाराकडे आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय व इंडोनेशियन कलेच्या इतिहासात लक्ष वेधले आणि जगातील रिकिबीचे हे सर्वांत प्राचीन उदाहरण होय, असे प्रतिपादिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनीही पुढे रिकिबीच्या भारतीय इतिहासाचा शोध घेतला.

कुमारस्वामींचे हे विधान आपल्याकडे अनेकदा उद्‌धृत केले जाते. मात्र ते तारतम्याने घेतले पाहिजे. भाजे वा सांची येथील साधनाचा फास लहान असून त्यात पायाचा अंगठा किंवा फार तर पावलाचा पुढचा भाग अडकविला जाई. काही शिल्पांत तर तो निव्वळ सैल बांधलेला तंग असून त्यात पाय खोचलेला आहे, असाही अर्थ लावता येतो. असा फास लोंबत्या पायांना विसावा देईल, तोल सावरण्यासही थोडीबहुत मदत करील. परंतु त्यावर सर्व भार टाकून उभे राहणे अशक्य आहे. तळपायाला आधार देणारी कठीण रिकीब ही यापुढची व गुणतः वेगळी वस्तू आहे. पायाला आधार देण्याची कल्पना भारतात फार लवकर रुजली, एवढे या शिल्पांवरून निश्चितपणे म्हणता येते. पक्की रिकीब भारतात निर्माण झाली, असे मात्र म्हणता येत नाही.

अंगठ्याची रिकीब अनवाणी पायांच्या, उष्ण प्रदेशातील स्वारांना सोयीची होती. थंड प्रदेशांतील स्वार जाड जोडे घालीत, त्यांना ती निरुपयोगी होती. इथिओपियातील स्वार अगदी अलीकडच्या काळापर्यंत लहान कड्यात अंगठा घालून घोडा चालवीत. भारताशी असलेल्या समुद्री व्यापारातून ही पद्धत तेथे गेली असावी, असा लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराचा तर्क आहे. पुढच्या बाजूने उघडे असणारे कातडी जोडे घालून अंगठा व शेजारचे बोट यांच्यामध्ये दोरीची गाठ धरणारे अर्जेंटिनातील गाउचो गुराखी हे याच पद्धतीचे, पण स्वतंत्रपणे उगवलेले, उदाहरण होय. कुशाण काळात भारताच्या वायव्य सीमेवर आणखी एक प्रकार दिसतो. ब्रिटिश म्युझियममधील इ. स. सु. १०० च्या एका कोरीव खड्यावरील स्वाराचे पाऊल आकड्यासारख्या आधारावर टेकलेले आहे. वायव्येकडील थंड हवेत जोडे घालणाऱ्या स्वारांनी अंगठ्याच्या फासाला दिलेले हे नवे रूप असावे, असे व्हाइटने सुचविले आहे. भारतातील कल्पना मध्य आशियामार्गे चीनकडे गेली, असे मानणाऱ्यांना हा खडा मधल्या दुव्यासारखा वाटतो. पण एका खड्यावर एवढ्या मोठ्या प्रवासाचा भार टाकणे धाडसाचे ठरेल.

चीन व गवताळ प्रदेश : पक्क्या रिकिबीचे निश्चित काळाचे पहिले पुरावे चीनमधील आहेत. हूनान प्रांतातील चांगशा येथे १९५८ मध्ये पश्चिम जिन राजवटीतील, इ. स. ३०२ सालचे एक थडगे उत्खनित झाले. त्यातील मातीच्या घोड्यांपैकी काहींच्या खोगिरांना डाव्या बाजूस एकच त्रिकोणी रिकीब आहे. तिची वादी आखूड असून स्वाराचा पाय तीत घातलेला नाही. यावरून ती केवळ चढण्याची पायरी होती, हे उघड होते. तलवार डाव्या कमरेला लटकत असल्यामुळे घोड्यावर डाव्या बाजूनेच चढण्याची रीत होती. म्हणून पहिली रिकीब त्या बाजूस आली. नानजिंगजवळील इ. स. ३२२ च्या सुमाराच्या थडग्यातील घोड्याच्या मूर्तीवर मात्र दोन रिकिबी आहेत. या दोन मूर्तींतील अंतर अवघे वीस वर्षांचे आहे. अर्थात एकेरी रिकीब लगोलग मागे पडली, असे नव्हे. आन्यांगजवळील त्याच शतकातील एका थडग्यात प्रत्यक्ष सापडलेली रिकीब एकच आहे.

चढण्याच्या पायरीला जोडीदार मिळताच तिचा स्वभाव पालटला. पूर्वी केवळ क्षणभर उपयोगी पडणारी ती वस्तू आता स्वारीच्या सबंध वेळेत स्वाराचा आधार बनली. हा पालट कोणी व कोठे घडवून आणला, याविषयी एकमत नाही. दक्षिण चीनमधील शेतकरी समाजापेक्षा उत्तरेकडील शिएनबेई वगैरे पशुपालक जमातींना त्याचे श्रेय देण्याकडे अनेक संशोधकांचा कल आहे. दुसरीकडे, जन्मापासून घोड्यावर वाढणाऱ्यांना चढण्याच्या पायरीची गरज भासणार नाही. ती नवशिक्यांचीच युक्ती असली पाहिजे, असाही एक युक्तिवाद पूर्वीपासून केला जातो. तो सकृद्दर्शनी पटण्याजोगा असला, तरी मंगोलियातील नव्या शोधांमुळे दुबळा झाला आहे. तेथील आल्ताय पर्वतात उर्द उलान उनीत येथील गुहेतील दफनात बर्च लाकडाचे, रंगविलेले, सांगाड्याचे खोगीर मिळाले. खुख नूर येथील दफनात लोखंडी रिकीब मिळाली. २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हे अवशेष इ. स. चौथ्या शतकाच्या सुमाराचे आहेत. म्हणजे चीनमधील थडग्यांत रिकिबी दिसू लागल्या, जवळजवळ त्याच काळात भटक्या पशुपालकांपाशीही लाकडी खोगीर व लोखंडी रिकीब ही दोन्ही साधने होती.

उत्तर यान राज्यातील फंग सूफू हा सरदार इ. स. ४१५ मध्ये मरण पावला. त्याचे लिआवनिंग प्रांतातील थडगे १९६५ मध्ये उघडण्यात आले. त्यातील रिकिबींची जोडी तुतीच्या लाकडाची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाचे पत्रे ठोकलेले आहेत. लाकडी फांदी वाकवून कमान करायची आणि तिला धातूच्या पत्र्याने मजबुती द्यायची, ही तिची घडण होती. याच घडणीच्या रिकिबी कोरियात व पाचव्या शतकात जपानमध्ये पोहोचल्या. जपानी कारागिरांनी पुढे कमान टाकून देऊन सपात्यासारखी, पाऊल पूर्णपणे पेलणारी व मागून उघडी अशी लांब तळाची रिकीब घडविली. तिच्यात पाय अडकत नाही. पडणारा स्वार सहज मोकळा होतो. इतर देशांतील स्वारांना ही सोय लाभण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

पश्चिमेकडील प्रसार : युरोपात रिकीब नेली ती आव्हार लोकांनी. पूर्वेकडील गवताळ प्रदेशातून आलेले हे लोक इ. स. ५६८ मध्ये आजच्या हंगेरीच्या परिसरात स्थिरावले. त्यांच्या दफनांत लोखंडी रिकिबी मोठ्या प्रमाणावर सापडतात. त्यांच्याशी झुंजणाऱ्या बायझंटिन सैन्याने ती तत्परतेने उचलली. इ. स. ६०० च्या सुमारास लिहिलेल्या व सम्राट मॉरिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात प्रत्येक स्वाराच्या खोगिराला दोन लोखंडी रिकिबी असाव्यात, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात जखमींना रणांगणातून उचलून आणणाऱ्या पथकासाठी वेगळी योजना आहे. त्या पथकातील स्वारांच्या दोन्ही रिकिबी डाव्या बाजूलाच, एक पुढे व एक मागे अशा बसवाव्यात. पुढचीवरून स्वाराने चढावे व मागचीवरून जखमी शिपायाने त्याच्या पाठीमागे चढावे, असे तो ग्रंथकार सांगतो. लिखित वाङ्‌मयातील रिकिबीच्या या आरंभीच्या उल्लेखांत शत्रूवर तुटून पडण्याइतकीच घायाळ माणसाला वाचविण्याचीही सोय पाहिलेली आहे, हे लक्षणीय आहे.

अरबांपाशी आरंभी लाकडी रिकिबी होत्या. त्या ऐन लढाईत मोडत, म्हणून सातव्या शतकाच्या अखेरीस अल्-मुहल्लब या सेनापतीने लोखंडी रिकिबी करविल्या, असे अल्-मुबर्रद या नवव्या शतकातील लेखकाने नमूद केले आहे. उत्तर युरोपात नवव्या-दहाव्या शतकांतील व्हायकिंग दफनांत त्या आढळतात. इ. स. ३७८ मध्ये एड्रिआनोपल येथे गॉथ घोडदळाने रोमन सैन्याचा केलेला पराभव हा रिकिबीचा विजय होय, असे पूर्वीच्या काही पुस्तकांत लिहिले जाई. त्या काळच्या युरोपात रिकीब असल्याचा कोणताही पुरावा नाही. इ. स. पू. चौथ्या शतकातील चेर्टोम्लिक येथील सिथियन रौप्यकुंभावरील घोड्याच्या खोगिरापासून लोंबणारा पट्टाही काहींना रिकीब वाटला होता. पण तो तंगाचा पट्टा असावा.

सरंजामशाहीचा वाद : रिकिबीचे नाव सामान्य इतिहासग्रंथांत गाजले, ते लिन व्हाइट याच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्ययुगीन तंत्रविद्येवरील ग्रंथामुळे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : रिकिबीमुळे स्वार, खोगीर व घोडा एकजीव झाले. त्यामुळे भाला हाताच्या जोराने फेकण्याऐवजी वा भोसकण्याऐवजी काखेत घट्ट धरून दौडत्या घोड्याच्या साऱ्या वेगानिशी शत्रूवर आदळणे शक्य झाले. आठव्या शतकात फ्रँक सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याने या नव्या युद्धतंत्राचे मोल ओळखले. घोडा, शस्त्रे व चिलखत बाळगणारे स्वार पोसण्यासाठी त्याने चर्चच्या जमिनी घेतल्या व त्या लष्करी सेवेच्या अटीवर आपल्या माणसांना वाटल्या. अशा रीतीने युरोपातील सरंजामशाहीचा पाया घातला गेला. या विचाराचा एक भाग हाइन्‍रिख ब्रुनर या जर्मन विधिज्ञाने १८८७ मध्येच मांडला होता. व्हाइटने त्याला रिकिबीची जोड दिली आणि पायाखालच्या लोखंडी कड्याने सबंध समाजरचना पालटली, हे चित्र लोकांच्या मनावर ठसले.

या उपपत्तीवर लगेचच टीका झाली. १९६३ मध्ये सॉयर व हिल्टन या ब्रिटिश इतिहासकारांनी एका साधनातून समाजव्यवस्था अनुमानित करण्याच्या रीतीलाच आक्षेप घेतला. १९७० मध्ये बर्नार्ड बॅक्रॅक याने चार्ल्स मार्टेलच्या मोहिमा तपासून त्यांत वेढे व पायदळ यांचेच प्राधान्य असल्याचे दाखविले. आठव्या शतकातील फ्रँक दफनांत रिकिबी विरळाच आढळतात. शार्लमेनने इ. स. ८०६ च्या सुमारास फुलराड या मठाधिपतीला पाठविलेल्या पत्रात प्रत्येक स्वाराने ढाल, भाला, तलवार, खंजीर, धनुष्य व बाणांचे भाते आणावेत, असे फर्मावले आहे. त्या यादीत रिकिबीचे नावही नाही. इ. स. १०६६ च्या हेस्टिंग्झच्या लढाईची चित्रे असलेल्या बाय्य येथील भरतकामात सर्व नॉर्मन स्वारांच्या पायांत रिकिबी आहेत. परंतु त्यांच्यापैकी कित्येकजण भाला डोक्यावर उगारून मारीत अथवा फेकीत आहेत, काखेत धरणारे थोडेच आहेत. मार्टेलनंतर तीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ते तंत्र सार्वत्रिक झाले नव्हते, हाच याचा अर्थ होतो.

व्हाइटच्या उपपत्तीतील यांत्रिक गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे. रिकीब स्वाराला मुख्यतः दोन बाजूंकडील तोल देते. तलवारीचा वार करताना तो एका अंगाला झुकला, तर त्या बाजूच्या रिकिबीवर भार देऊन स्वतःस सावरू शकतो. भाल्याच्या आघाताचा धक्का समोरून मागे येतो. त्याला अडविण्याचे काम खोगिराचा मागील उंचवटा करतो. म्हणून भाला काखेत धरून लढणाऱ्या बाराव्या शतकातील सरदाराच्या दृष्टीने उंच पाठीचे खोगीर व भक्कम तंग यांचे महत्त्व रिकिबीहून कमी नव्हते. रिकिबीचा सर्वांत मोठा लाभ भालाइतांपेक्षा तिरंदाजांना झाला असावा. रिकिबींवर उभा राहिलेला स्वार गुडघ्यांच्या लवचिकपणाने घोड्याचे हिसके जिरवितो. त्यामुळे त्याचे धड स्थिर राहते व नेम साधतो. मंगोल स्वारांची आखूड वादी व उभे राहून बाण मारण्याची पद्धत ही याची साक्ष आहे. शिवाय नव्याने भरती झालेल्या शिपायाला थोड्या अवधीत कामापुरता स्वार बनविता येऊ लागले. हा परिणाम युद्धकथांत डोळ्यांत भरत नाही. पण सैन्याच्या संख्येवर त्याचा प्रभाव मोठा होता. रिकिबीने सरंजामशाही निर्माण केली, असे आज कोणी मानीत नाही. तिने घोडदळाचे काम सोपे व कमी थकविणारे केले, असे म्हणणेच योग्य होईल.

असाच एक वाद भारताच्या संदर्भातही आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर भारतात तुर्कांना मिळालेल्या यशाचा संबंध काही इतिहासकारांनी लोखंडी रिकीब व घोड्याचा नाल यांच्याशी जोडला आहे. तुर्कांचे धनुर्धारी स्वार, मध्य आशियातील उत्तम घोड्यांचा अखंड पुरवठा आणि वेगवान हालचालींचे तंत्र ही त्यांची खरी बलस्थाने होती. रिकीब त्या तंत्राचा एक भाग होती. स्वतंत्र कारण नव्हती. भारतात पायाच्या आधाराची परंपरा किती जुनी होती, हे वर आलेच आहे.

दरबारी संकेत : रिकीब धरणे ही मध्ययुगात सेवेची व मानाची खूण झाली. पोप घोड्यावरून उतरत असता सम्राटाने त्याची रिकीब धरावी, असा पश्चिम युरोपात संकेत होता. इ. स. ११५५ मध्ये इटलीतील सुत्री येथे फ्रेडरिक बार्बारोसाने पोप चौथा एड्रिअन याची रिकीब धरण्याचे नाकारले, तेव्हा पोपनेही त्याला शांतिचुंबन देण्याचे नाकारले. जुन्या प्रथांचे दाखले काढून झाल्यावर सम्राटाला नमते घ्यावे लागले. सम्राट पोपचा मांडलिक की बरोबरीचा, हा प्रश्न त्या रिकिबीत अडकला होता. फार्सी दरबारी भाषेत ‘रिकाब’ या शब्दाला ‘राजाचे सान्निध्य’ असाच अर्थ आला. मोगल अमदानीत बादशहाजवळ हजर असलेल्या मनसबदारांना ‘हाजिर-इ-रिकाब’ म्हणत व सुभ्यांत नेमलेल्यांना त्यांहून वेगळे समजत. मोगल लघुचित्रांतील शिकारीच्या व स्वारीच्या प्रसंगांत रिकिबी बारकाईने चितारलेल्या असतात.

मराठ्यांच्या घोडदळाचे बळ जड चिलखतात नव्हते. हलके सामान, चपळ तट्टे व लांब पल्ल्याची दौड यांत ते होते. सभासद बखरीत शिवकालीन पागेची जी व्यवस्था दिली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी नेमणूक सांगितली आहे. बारगिराचा घोडा व सामान सरकारी असे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. खोगीर, जीन, तंग, रिकीब, लगाम हे शब्द या काळात मराठीत इतके मुरले, की त्यांचे परकेपण जाणवेनासे झाले.

प्रकार व वापर : तुर्की व अरबी रिकिबींचा तळ तबकासारखा रुंद असे. त्याचे टोकदार कोपरे घोड्याच्या बरगडीला टोचून त्याला पिटाळता येई, त्यामुळे टाचेला वेगळी आर बांधावी लागत नसे. स्पेनमध्ये मुसलमानी आमदानीतून आलेली आखूड वादीची बैठक व सरदारांची पाय लांब सोडण्याची बैठक, अशा दोन पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. अमेरिकन गुराख्यांच्या रिकिबी लाकडी व रुंद असून काट्याकुट्यांपासून पावलाचे रक्षण करण्यासाठी त्यांना पुढून चामड्याचे आवरण असते. एका बाजूस दोन्ही पाय ठेवून बसणाऱ्या स्त्रियांच्या खोगिराला एकच रिकीब असते.

वादीची लांबी हा बैठकीचा मुख्य प्रश्न असतो. हाताची बोटे खोगिरावरील वादीच्या मुळाशी टेकवून रिकीब काखेपर्यंत पोहोचली, की लांबी साधारणतः बरोबर असते; हा जुना आडाखा अजूनही शिकविला जातो. उडी मारताना मागे रेलण्याऐवजी आखूड रिकिबीवर भार देऊन पुढे झुकावे, म्हणजे घोड्याची पाठ मोकळी राहते, हे इटालियन घोडदळातील फेदेरिको काप्रिली (१८६८–१९०७) याने दाखवून दिले व ती पद्धत सर्वत्र मान्य झाली. शर्यतींतही याच सुमारास क्रांती झाली. टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीने १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये जाऊन अगदी आखूड रिकिबींवर दबा धरून बसण्याची पद्धत दाखविली, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची थट्टा केली. पण तो जिंकू लागल्यावर थट्टा थांबली. १८९० ते १९१० या काळात शर्यतींच्या वेळांत ५ ते ७ टक्के सुधारणा झाली. २००९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मोजमापे घेऊन तिचे कारण सांगितले. जॉकी रिकिबींवर उभा राहून आपले पाय स्प्रिंगसारखे वापरतो. घोड्याची पाठ प्रत्येक टापेसरशी वरखाली होते, पण जॉकीचे शरीर जवळजवळ सरळ रेषेत पुढे जाते. त्यामुळे घोड्याला स्वाराचे वजन वाहावे लागले, तरी ते दर टापेला उचलावे व आपटावे लागत नाही. श्रम मात्र जॉकीचे वाढतात.

रिकिबीत एक जीवघेणा धोकाही आहे. स्वार पडला व त्याचे पाऊल रिकिबीत अडकून राहिले, तर बिथरलेला घोडा त्याला फरफटत नेतो. घोडेस्वारीतील अतिशय भीषण अपघात अशाच रीतीने घडतात. म्हणून रिकीब जोड्यापेक्षा सुमारे अडीच सेंमी. रुंद असावी, ती फार अरुंद असली तर पाऊल रुतते, फार रुंद असली तर ते आरपार निसटते. जोड्याला टाच असणे आवश्यक आहे. टाचेमुळे पाऊल पुढे सरकत नाही. पावलाचा केवळ रुंद पुढचा भाग तळपट्टीवर टेकवून टाच खाली दाबण्याचा जो धडा शिक्षक पहिल्या दिवसापासून घोकून घेतात, त्यामागेही हेच कारण आहे. आधुनिक खोगिरात वादी एका लोखंडी दांडीवर अडकविलेली असते व मागे जोराची ओढ बसताच ती दांडीवरून निसटते. लहान मुलांसाठी कमानीच्या बाहेरील बाजूस लोखंडाऐवजी रबरी पट्टा लावलेल्या रिकिबी मिळतात. पाय अडकल्यास पट्टा सुटून पाऊल मोकळे होते.

मानवी मध्यकर्णातील तीन अस्थिकांपैकी एकीला तिच्या आकारावरून रिकीब हेच नाव मिळाले आहे. सोळाव्या शतकात जोव्हान्नी फिलिप्पो इन्‍ग्रासिया या इटालियन शारीरविज्ञाने तिचे वर्णन केले. सु. ३ मिमी. लांबीचे हे हाड मानवी शरीरातील सर्वांत लहान असून त्याची तळपट्टी अंतर्कर्णाच्या अंडाकृती गवाक्षावर टेकलेली असते व ध्वनिकंपने आतील द्रवापर्यंत पोहोचविते.